अंजनाची जोडी

जोडी हौदात पडली आणि तरंगली. झालं ते एवढंच. नागपंचमीला पाच दिवस होते. सकाळची फिरवून झाली होती, अंगावरून घाम निथळत होता, आणि मी नेहमीसारखी ओल्या फडक्यानं जोडी पुसून हौदाच्या काठावर ठेवली होती. कचेरीतल्या काही लोकांना जोडी म्हटलं की बैलजोडी नाहीतर नवराबायको आठवतात, म्हणून सांगून ठेवतो: जोडी म्हणजे तालमीत दोन हातांत धरून खांद्यामागून फिरवायचे दोन लाकडी मुद्गल. माझे बारा-बारा शेराचे, अंजनाच्या लाकडाचे. पंचा घ्यायला वळलो तर कोपर लागलं आणि त्यातला एक आत गेला. मी डोळे मिटून घेतले, कारण बारा शेर अंजन तळाला आदळलं की हौदाची फरशी फुटणार आणि तालमीचा गोपाळराव महिनाभर कुरकुरणार, हे दिसतच होतं. पण आदळल्याचा आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर मुद्गल पाण्यावर आडवा पडून संथपणे गोल फिरत होता. नवे लाल-हिरवे पट्टे कधी वर येत होते, कधी खाली जात होते.

अंजन पाण्यात बुडतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पैनगंगेतून सागाचे ओंडके सोडतात, अंजनाचे कोणी सोडत नाही, ते गाडीवरच घालावे लागतात. मी बघत उभा राहिलो. तेवढ्यात चंपतराव धावत आला. हा जैनथचा, तिशीतला, घरची कापूस-ज्वारीची शेती, आणि आठवड्यातले चार दिवस कापसाच्या कामानं आदिलाबादेत. त्यानं वाकून एका हातानं, खरं म्हणजे तीन बोटांनी, मुद्गल बाहेर काढला. आणि मग काहीतरी आठवल्यासारखं झालं त्याला. त्यानं घाईनं दुसरा हात खाली लावला, कंबर वाकवली, आणि मोठा श्वास टाकून तो माझ्यापुढं ठेवला. "काई नाई, पेशकारसाहेब," तो म्हणाला, "रंग ताजा हाय ना, म्हनून तरंगली." मी विचारलं, "रंगानं लाकूड तरंगते का रे?" त्यानं खाली बघत सांगितलं, "तरंगते कदी कदी." मागं आखाड्यात पाच-सहा जण होते. एरवी कोणाची लंगोटी सैल झाली तर आठ दिवस हसणारी ही माणसं. त्यातलं कोणी हसलं नाही. सगळे एकदम खाली वाकून जोर काढायला लागले. लाकूड तरंगलं याचं मला नवल वाटलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं.

मी जोडी खुंटीला लावली, कपडे चढवले आणि घरी न जाता थेट कचेरीच्या वाटेला लागलो. पाय आपोआप चालत होते. मी नरसिंगराव, तहसील कचेरीत पेशकार, तहसीलदारांपुढं कागद मांडणारा, वय त्रेपन्न. या गावात माझी ओळख दोन गोष्टींनी आहे, एक माझं उर्दू अक्षर आणि दुसरी माझी जोडी. अक्षराला पंधरा-वीस तरी बरोबरीचे निघतील. जोडीला नव्हतं कोणी. माझ्या विसाव्या वर्षी बापूजी वस्तादांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा पहिल्या फेऱ्यातच ती माझ्या टाळूवर आपटली होती, आणि बापूजी म्हणाले होते, "आता ओळख झाली दोघायची." बापूजींनी आमच्या तालमीला घालून दिलेला एक नियम होता. माणूस पंचेचाळिशीला आला की नागपंचमीच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं आपली जोडी मारुतीपुढं ठेवायची आणि वस्तादांच्या हातून हलकी घ्यायची. याला आमच्याकडे उतरवणी म्हणतात. बापूजी म्हणायचे, "मानसानं जोडी उतरवाव, नाईतं जोडी मानसाले उतरवते." बापूजी गेल्यावर तालमीची किल्ली गोपाळरावाकडे आली. गोपाळ आणि मी एका वर्षाचे, एका आळीतले, मिसरूड फुटायच्या आधीपासूनचे. त्यानं तर बापूजींच्या नियमाचं शास्त्रच करून टाकलं. ज्याचे गुडघे गेले त्याला बैठका बंद, नुसते हात. ज्याचं पोट सुटलं त्याला जैनथच्या रस्त्यानं चालणं. दमेकऱ्याला बसल्या जागी श्वास. साठीच्या म्हाताऱ्यांना भिंतीला हात लावून अर्धे जोर. मी त्याला वैद्याची पुडी म्हणत असे. स्वतः गोपाळनं पंचेचाळिसाव्या वर्षी, एक दिवस इकडे-तिकडे न करता, जोडी उतरवली. तो मारुतीपुढं वाकला तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. मी एकटाच. त्यानंतर तो रोज सकाळी काठी घेऊन फिरायला जातो आणि येऊन सावकाश बारा नमस्कार घालतो, आणि मी आठ वर्षं त्याला बारा नमस्कारांचा गोपाळ म्हणत आलो. तो हसायचा. आता चालता चालता मला त्याचं ते हसणं आठवलं, आणि ते कशाचं होतं हे कळून कानाच्या पाळ्या तापल्या.

कारण हिशेब जमत चालला होता. नागपंचमीच्या आधी महिनाभर तालमीतल्या सगळ्या जोड्या छकड्यात घालून निर्मलला जातात. तिथले नकाश, ती लाकडाची फळं-पाखरं करणारी मंडळी, त्यांना लाख-रंग चढवून देतात. खेळणी करायला त्यांच्याकडे पोनकीचं लाकूड असतं, कापसाइतकं हलकं. त्यावर चिंचोक्याची खळ आणि रंग चढला की पोनकीचं आहे की सागाचं, हे बघून सांगता येत नाही. जोड्या परत आल्या की आमच्यात म्हणायची रीत आहे, "रंगाची जोडी हलकी." तीन आठवडे हातांना विसावा मिळालेला असतो, म्हणून ती सगळ्यांनाच थोडी हलकी लागते. मला मात्र गेली तीन वर्षं ती फारच हलकी लागली होती. पहिल्या वर्षी मी चकित झालो. दुसऱ्या वर्षी खूश झालो. या वर्षी, परवाच, पहिला फेरा घेऊन मी आखाड्यात सगळ्यांना ऐकवलं होतं की लोक पन्नाशीनंतर उतरतात, नरसिंगराव चढतो आहे. चंपतरावानं तेव्हा "वा" म्हटलं होतं. सगळ्यांनीच म्हटलं होतं. ते "वा" आता मला एक एक करून ऐकू यायला लागले, तीन वर्षांचे सगळे. ज्या माणसाला कधी कोणाची कीव आली नाही, त्याला रोज पहाटे कीव पाजली जात होती आणि तो ती दुधासारखी पीत होता.

कचेरीत बसलो. समोर मिसल, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, उघडी होती, पण वाचवेना. असं एकदा खरोखर घडलं होतं: मिसलेवरचं वेष्टन तेच, शिक्का तोच, नंबर तोच, आणि आतले कागद कोणीतरी बदललेले. तेव्हा मी त्या कारकुनाला असा काही फैलावर घेतला होता की तो रडला होता. कागद बदलणाऱ्यापेक्षा वेष्टनावर विश्वास ठेवणारा मोठा मूर्ख, असंही मी त्याला वर ऐकवलं होतं. मी टेबलाखाली उजवा दंड डाव्या हातानं चाचपून पाहिला. कातडी घट्ट होती, आत गोळा होता. पण मला त्याचं काही खरं वाटेना. तो किती शेराचा आहे? आपलाच हात, त्रेपन्न वर्षं खांद्याला लटकलेला, आणि त्याला काय पेलतं हे मला माहीत नव्हतं. इतकं परकं मला दुसऱ्याच्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दफ्तरखान्यातले वामनराव एक कागद घेऊन आले आणि दस्तखत करायला टेबलाशी वाकले. डाव्या हातानं. सावकाश, एक एक अक्षर ओढत. मी ते गेलं वर्षभर रोज पाहत होतो, पण नीट बघितलं ते त्या क्षणी. वामनराव छप्पन्नचे. गेल्या वर्षी त्यांनी मला फिरवताना पाहिलं आणि म्हणाले, "तुमी करून राह्यले, तं मले काय धाड भरली?" गोपाळनं त्यांना चालणं सांगितलं होतं. मी म्हटलं, चालणं काय बायकांचं, दहा शेराची घ्या. त्यांनी घेतली. चौथ्या दिवशी खांदा निखळला तो पुन्हा नीट बसला नाही. मी तेव्हा काय म्हणालो? "हाडात दम पायजे." वामनराव दहा शेर अंजन उचलत होते आणि मी कसलं तरी हलकं लाकूड. मला मागं वळून त्यांचा तो हात धरावासा वाटला. पण ते कागद घेऊन निघून गेले होते, आणि मी तहसीलदारसाहेबांकडून डोकं दुखतं म्हणून अर्ध्या दिवसाची रुखसत घेतली. नोकरीतली पहिली.

वाटेत मला आणखी एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे, सकाळपासून ती आत होतीच, मी तिच्याकडे पाहत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी, फसली सालाच्या बहमन महिन्यात, थंडीत, मी जोडी फिरवून घरी आलो आणि ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहिलो. छातीत कोणी मूठ आवळल्यासारखी कळ होती आणि डावा हात माझा वाटत नव्हता. सुभद्रा, माझी बायको, बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं, कारण तेव्हा भीती वाटली होती. थोड्या वेळानं बरं वाटलं, आणि भीती ओसरताच मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून तिच्याकडून आण घेतली, की हे कोणाला सांगायचं नाही, वैद्याला नाही, गोपाळला तर मुळीच नाही. तिनं घेतली. त्यानंतर दोनदा कळ आली. नागपंचमीनंतर थांबली. मी ठरवून टाकलं की जोडीनंच ती बरी केली. ही गोष्ट जगात दोघांना ठाऊक होती, मी आणि ती. म्हणजे सांगणारं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती.

सुभद्रा चुलीपुढं भाकरी थापत होती. मला अवेळी दारात पाहून तिनं तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं हे विचारलंच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं होतं. मी म्हटलं, "जोडी तरंगली." तिचा हात परातीत थांबला, मग पुन्हा थापायला लागला. "कवातरी तरंगनारच व्हती," ती म्हणाली. मी विचारलं, "काऊन सांगतलं? माज्या गळ्याची आन व्हती." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "आन मोडली म्या. पाप माज्या डोक्यावर हाय, तुमच्या नाई. त्या गळ्यालेच काई झालं असतं मंग, तं आन कोनत्या गळ्याची पाळू?" मी म्हटलं, "मले सांगाचं व्हतं. मी उतरवली असती." तेव्हा मात्र तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी?" एवढंच म्हणाली. मग भाकरी उलटत, "तीन सालात तुमी एक डाव इचारलं नाई का छातीतली कळ काऊन थांबली. मी वाट पाहून राह्यली व्हती, आज इचारतील, उद्या इचारतील. म्हनत व्हती, इचारलं का सांगून टाकू." तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असल्यामुळे ते जास्त लागलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणाराचा हात मायेचा असतो, म्हणून ओरडताही येत नाही. मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही, हे मी पाहिलं, आणि तरी माझा राग तिळभर कमी झाला नाही.

ऊन उतरल्यावर गोपाळकडे गेलो. तो अंगणात काठीला तेल लावत बसला होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "माजी जोडी कुठं हाय?" त्यानं विचारलं नाही की कोणती. उठला, आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागून एक गोणपाट काढलं, आणि एक एक करून, दोन्ही हातांनी, धापा टाकत, माझे दोन्ही मुद्गल अंगणात आणून ठेवले. काळेभोर, रंग उडालेले, पण तेलानं चकाकत होते. "दर अमावस्येले तेल देतो," तो म्हणाला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चोरानं चोरीचा माल इतक्या प्रेमानं सांभाळावा याचा मला संताप आला. "सांग," मी म्हटलं, "पयल्यापासून सांग." त्यानं सांगितलं. सुभद्रावहिनी मागच्या दारानं आली होती. पहिल्या वर्षी त्यानं नकाशाकडून हुबेहूब शिसवीची करवून घेतली, नऊ शेर. दुसऱ्या वर्षी सागाची, सात. या वर्षी आत सागाचा दांडा आणि भोवती पोनकी, पाच. रोज मी फिरवताना तो म्हणे चालून येऊन दाराच्या फटीतून बघत असे, श्वास कितव्या फेऱ्याला तुटतो ते मोजायला. त्यावरून पुढच्या वर्षीचं लाकूड ठरायचं. "बाकीच्याइले?" मी विचारलं. "सांगा लागलं. कोनी चुकून उचलली असती तं?" "म्हंजे सगळ्या तालमीले." "सगळ्या तालमीले." "आनि तुमी सगळे मले वा म्हनत व्हते." गोपाळनं तेलकट हात पुसले. मग म्हणाला, "तू तसा ऐकनारा व्हतास का, नरसिंगा? उतरवनीले हसला व्हतास तू. जो मानूस उतरतच नाई, त्याची जोडी खालूनच उतरवा लागते."

हे तो इतक्या सहज म्हणाला, जणू त्याच्या त्या शास्त्रातलीच एक पुडी. गुडघेवाल्याला हात, पोटवाल्याला चालणं, आणि गर्विष्ठाला खोटी जोडी. ज्याला जे झेपेल ते. सत्य मला झेपणार नाही, असं या माणसानं तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि दर वर्षी दोन-तीन शेरांनी मला कमी करत आणलं होतं, मला न विचारता, माझ्याकडे बघून हसत. "आनि वामनरावाचा खांदा?" मी म्हटलं. "त्यायनं माजं पाहून उचलली. तू पाहून राह्यला व्हतास ना फटीतून?" गोपाळचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत मी त्याला इतकं म्हातारं पाहिलं नव्हतं. "थे चूक माजी," तो म्हणाला. "मी त्यायले चालाचं सांगतलं व्हतं. त्यायनं ऐकलं नाई. खरं सांगाले गेलो असतो तं तुजं बिंग फुटलं असतं." म्हणजे माझी झाकली मूठ राहावी म्हणून वामनरावांचा हात गेला. हे त्याला माहीत होतं आणि तो वर्षभर त्यांच्याशी रामराम करत होता. आणि मीही करत होतो.

मी सदरा काढला. गोपाळ म्हणाला, "नको." मी ऐकलं नाही. उजवा मुद्गल मुठीत घेतला. मूठ ओळखीची लागली, लाकडात माझ्याच बोटांचे खळगे पडले होते, आणि एका क्षणापुरता मी सगळं विसरलो. तो खांद्यावर आला. दंडाची शीर फुगली, पण आला. मग मागं सोडायचा, पाठीवरून घुमवायचा आणि वर आणायचा. मी सोडला. तो मागं गेला आणि तिथंच राहिला. पाठीमागं बारा शेर लोंबत होते, कोपर वर येत नव्हतं, आणि छातीत, अगदी मधोमध, ती मूठ हळूच उघडून पुन्हा मिटल्यासारखी वाटली. मी श्वास धरला. ओढ संपली. वजन हलकं झालं. गोपाळनं मागून मुद्गलाखाली दोन्ही हात लावले होते. तो आधीपासून तिथंच उभा होता, हात पुढं करून. मी कुठं अडकणार हे त्याला ठाऊक होतं.

आम्ही दोघांनी मिळून तो खाली ठेवला. मी ओट्यावर बसलो. घाम थंड होत गेला, कळ गेली की नुसती दबली हे कळेना. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला आणि मला एकदम भूक लागली, याचीही लाज वाटली. गोपाळ पाणी घेऊन आला. मी प्यायलो. उद्या सकाळी तालमीत जायचं की नाही, हा प्रश्न नव्हता, मला जायचंच होतं. पाच दिवसांनी नागपंचमी आहे, मी मारुतीपुढं वाकेन, ज्याला हसायचं आहे तो हसेल, कोणी हसणार नाही हेही मला आता माहीत होतं. प्रश्न दुसराच होता. मला काय पेलतं? चुकलो तर वामनराव होईन, नाहीतर त्याच्या पुढचं काहीतरी. मी माझ्या हातांकडे पाहिलं, त्यांना विचारून पाहिलं. ते तीन वर्षं फसवले गेले होते, त्यांना काही सांगता येत नव्हतं. शेवटी मी गोपाळलाच विचारलं, मान वर न करता. "मले किती झेपते?"

तो जराही थांबला नाही. "सकाळी सात शेर. तीस फेरे. थंडीत सा शेर, आनि वीस फेरे. डावा हात उजव्याच्या एक फेरा मागं ठेवाचा." त्रेपन्न वर्षांत माझ्या शरीराबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं, सुभद्रेनं नाही, बापूजींनी नाही. "सात," मी म्हटलं. "खरं?" "खरं," गोपाळ म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे मी चाळीस वर्षं ओळखत होतो, आणि पाच शेराला बारा म्हणतानाही ते असेच स्वच्छ दिसत होते.